रातपाळीचा वार

सकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. "सुनंदा गेली गं..." एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. सुनंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. महिना होत आलाय, पण माझ्या तोंडी अजून 'वहिनी म्हणतात' असंच येतं.

लग्न होऊन जळगावहून सुरतेत आल्या, तेव्हा त्यांचा आवाज इतका हळू की आई म्हणायची, हिच्याशी बोलायचं तर शेजारी जाऊन बसावं लागतं. पुढे एका डाइंग मिलच्या ऑफिसात त्या पगाराचं काम पाहू लागल्या. आम्हाला वाटायचं, आकडेमोडच ती, त्यात काय एवढं!

मिलमध्ये पगार तासावर. नऊ तासांपुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. रात्री आठला आलेला माणूस सकाळी आठला सुटायचा, म्हणजे ओव्हरटाइम ठरलेलाच. मग हजेरीचं नवं कॉम्प्युटर आलं आणि त्याने कमालच केली. बाराला तारीख बदलली की ते रातपाळीचे दोन तुकडे करायचं, आज चार तास आणि उद्या आठ. दोन्ही तुकडे वेगवेगळे धरायचं. नऊच्या वर कुणी जाईचना, ओव्हरटाइम गायब! सुरतेतल्याच गोडादऱ्यात राहणारे, आमच्या खानदेशाकडचे वाल्मीकदादा तिथे रंगाच्या मशीनवर होते. त्यांच्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण त्या ओव्हरटाइमवरच चाललं होतं. आता तिला घरी बसवायचं, साड्यांना टिकल्या लावू द्यायच्या, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

वहिनींनी पगारपत्रकावर सही करायला नकार दिला. दादाची नोकरी तेव्हा सुटलेली, घर वहिनींच्या पगारावर. मी म्हटलं, वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? त्या नुसत्या हसल्या. शेठने केबिनमध्ये बोलावलं. दाराबाहेर उभ्या असलेल्या वाल्मीकदादांनी ते सगळं ऐकलं आणि मला कितीदा तरी सांगितलंय. शेठ म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही, तारीख बाराला बदलते म्हणजे बदलते. त्यावर आमच्या या मवाळ वहिनींनी विचारलं, "शेठ, तुमच्या बांची अगियारस रात्री बाराला सुटते का?"

शेठच्या आईचा, बांचा, एकादशीचा उपास मिलभर ठाऊक होता; वहिनी उत्तराला थांबल्याच नाहीत.

"सकाळीच सुटते ना? मग माणसाची रातपाळी बाराला कशी सुटेल? ज्या वारी तो कामावर चढला, त्याच वाराची ती अख्खी रात्र."

कायदाही तेच सांगतो, हे त्यांना पाठ होतं. पण तो त्यांनी मागाहून काढला. शेठचा आधी पारा चढला, मग त्यांना हसूच फुटलं... पुढच्या पगारात सगळ्या रातपाळीवाल्यांचा ओव्हरटाइम आला, मागचा राहिलेलाही. वाल्मीकदादांची लेक आज नर्स आहे. एवढीशी बाई, एवढं बळ कुठे साठवून होती, देव जाणे!

वहिनी हॉस्पिटलमध्ये पहाटे तीनला गेल्या. तिथल्या कागदावर मंगळवार पडला आणि दादाने फोटोखालीही तोच वार लिहून घेतला. दहाव्याला वाल्मीकदादा मिलमधून थेट आले, हाताला रंग तसाच. फोटोपुढे वाकले, खालचं वाचलं आणि दादाकडे वळून अहिराणीत म्हणाले,

"दादा, हाई चुकी गयं. ताई सोमवारनी रातले गयी."

इतके दिवस कोरडा राहिलेला दादा तिथेच ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी फोटो काखेत मारून तो फ्रेमवाल्याकडे गेला. आता बाहेरच्या खोलीत वहिनी आहेत, खाली सोमवार.