कुंदाची ताकदीची इंजेक्शनं

कुंदाला खोटं बोलता येत नसे, आणि त्यापायी तिची नोकरी दोनदा जाता जाता राहिली होती. मुलुंड पूर्वेला साड्यांच्या दुकानात ती काउंटरवर असायची आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, हा रंग पहिल्या धुण्यातच जाईल. शेवटी कंटाळून मालकानं तिला अस्तराच्या कापडाकडे बसवलं. तिथं कोणी मत विचारत नाही. तिचा नवरा मधुकर विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता. लग्नाला दीडेक वर्ष झालेलं. त्याला बायकोच्या या स्वभावाचं भारी कौतुक. मित्रांना सांगायचा, माझ्या बायकोला शपथ घालावी लागत नाही.

त्याच दुकानाच्या वर माझा दातांचा दवाखाना. चौऱ्याऐंशी साली कुंदा गाल धरून वर आली. दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता. सुई उचलण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो: हृदयाचं काही दुखणं, दमा, कुठली औषधं चालू, आधी कधी इंजेक्शनाचा त्रास झाला का. लोक वैतागतात. दात काढायला आलोय, सोयरीक जमवायला नाही, असं एका गृहस्थांनी मला सुनावलं होतं. सुनावू देत. औषध किती आणि किती सावकाश द्यायचं ते माझ्या हातात असतं, पण माणसाच्या छातीत काय चाललंय ते त्यानंच सांगावं लागतं. भूल टिकावी म्हणून त्या औषधात ॲड्रेनलिन घातलेलं असतं, आणि दुबळ्या हृदयाला ते धावायला लावतं.

कुंदानं सगळ्याला नाही म्हटलं. सुई टोचून मी आधी दट्ट्या मागे ओढून पाहिला, रक्त आलं नाही, म्हणजे सुई रक्तवाहिनीत नव्हती, मग औषध हळूहळू सोडलं. तरी थोड्याच वेळात ती छातीवर हात ठेवून धापा टाकायला लागली. नाडी मोजता येईना इतकी पळत होती, ओठ निळे पडले होते. मी तिला सरळ बसवलं, ऑक्सिजन लावला, शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं आणि दोघांनी मिळून तिला टॅक्सीनं इस्पितळात पोचवलं. ती वाचली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आकसली आहे, लहानपणच्या सांधेतापामुळे. दुखणं जुनंच आहे.

माझं डोकंच फिरलं. एवढं विचारूनही हिनं मला फसवलं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन मी तिला तसं विचारलंही. ती गोंधळून आठवू लागली. लहानपणी ताप यायचा, गुडघे सुजायचे. मग आई दर महिन्याला इंजेक्शनाला न्यायची. ताकदीचं आहे, म्हणायची. साखरपुडा झाल्यावर आईनं ती बंद केली, आता आली ताकद म्हणून.

ती इंजेक्शनं ताकदीची नव्हती. सांधेताप पुन्हा उलटून झडप आणखी बिघडू नये म्हणून पेनिसिलिनची देतात ती.

तिची आई रत्नप्रभाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. दुखणं लपवलंत ना, असं मी विचारल्यावर त्यांनी नाकारलं नाही. सासरी कळलं असतं तर हे लग्न झालं असतं का, असं उलट मलाच विचारलं. निदान मुलीला तरी सांगायचं, मी म्हटलं.

"तिला सांगितलं असतं तर तिनं पहिल्याच भेटीत त्यांना सांगून टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओळखता ना तिला."

पोरीचा खरेपणाच त्यांना अडचणीचा वाटला होता. मला त्या बाईचा भयंकर राग आला. हृदयाचं दुखणं कळल्यापासून मधुकर बायकोशी एक शब्द बोलला नव्हता. लग्नाआधीच आपल्याला फसवलं, असं तो धरून बसला होता. जावयाला हे तुम्हीच सांगा, मी बजावलं. त्यांनी डोळे पुसून मान डोलावली.

भेटीच्या वेळेला मधुकर आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं सासूला एवढंच विचारलं, कुंदाला माहीत होतं का.

रत्नप्रभाबाईंनी पदर सावरला. "आम्ही तिला म्हटलं होतं हो, जावईबापूंना सांगून टाक. तीच नको म्हणाली."

कुंदानं आईकडे पाहिलं. मग मीच बोललो. बाहेरच्या बाकावर जे ऐकलं होतं ते सगळं मधुकरला सांगितलं, त्या बाईंसमोर. त्यानं ते नीट ऐकून घेतलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आई पोटच्या मुलीविरुद्ध खोटं कशाला बोलेल?"

मी स्वतःच्या कानांनी ऐकलं नसतं तर मीही हेच म्हटलं असतं. मधुकरनं सासूची पिशवी उचलली आणि त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला निघून गेला.

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरंच सांगितलं होतं, डॉक्टर," कुंदा म्हणाली.

मला माहीत आहे, मी म्हटलं. ती दाराकडे बघत होती.