कढीपत्त्याची वही

गॅलरीतल्या कढीपत्त्याची मी एक वही ठेवतो. निवृत्तीनंतर लागलेला नाद. पाणी किती घातलं, आंबट ताक कधी दिलं, फुटवा कुठे आला, सगळं तारीखवार लिहितो. एका सकाळी शेंड्याच्या दोन डहाळ्या गायब दिसल्या. मी लिहिलं, 'पानं नाहीशी. सुरवंट असावा.' संध्याकाळी त्याखाली बायकोच्या अक्षरात ओळ होती, 'सुरवंट नाही. आमटी.'

"विचारायचं तरी," मी म्हणालो.

"जेवताना विचारलंत का, पानं कुठली ते?"

झाड वाढवायचं म्हणजे त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं मला वाटायचं. पण वहीची मागची पानं चाळली, तर जिथे मी 'डहाळी कमी' लिहिलं होतं, म्हणजे तिने खुडलं होतं, तिथेच पुढे मी कौतुकाने 'दोन नवे फुटवे' असं लिहिलेलं. घेतल्यानेही काही गोष्टी वाढतात, हे माझ्याच वहीत होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात मी चार दिवस बहिणीकडे राहून आलो. आल्या आल्या वही उघडली. तिने रोजचं पाणी न चुकता लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती, 'पानं तोडली नाहीत. एकटीसाठी कसली फोडणी.'

मी वाकून चांगली भरलेली डहाळी खुडली, तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि परत येऊन वहीत लिहिलं, 'सुरवंट घरी आला.'