तानाबाईचे पिक्चर

अल्लीपुरात थेटर नाही, तरी आमच्या मोहल्ल्यातल्या बायांना जुने पिक्चर तोंडपाठ आहेत. ते सगळे तानाबाईने सांगितलेले. मी तिला मावशी म्हणतो, पण नातं शेजारचं. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काडी, आवाज मात्र अजून दोन वावरं ओलांडून जाईल असा. तिच्या बाबतीत मी जे केलं ते लिहायला मला वर्ष लागलं. लिहायला बसलो की स्वतःचीच लाज वाटायची आणि कागद बाजूला ठेवायचो.

तरुणपणी तानाबाई हिंगणघाटच्या बाजारात वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकायला जायची. दुपारपर्यंत माल खपला की टॉकीजमध्ये अगदी पुढच्या बाकावर बसून तीनचा खेळ बघायची. दुसऱ्या दिवशी निंदायला गेली की वावरात पिक्चर सुरू. बायांची खुरपी चालताहेत आणि हिचं तोंड. नायकाच्या सदऱ्याला बटणं किती, सासूने ताट कोणत्या हाताने लोटलं, काही सुटायचं नाही. अर्धा पिक्चर पहिल्या दिवशी, उरलेला दुसऱ्या दिवशी. आणि कितीही रडारड झाली तरी शेवटी बाईच जिंकायची. वावराचे मालक तिला बोलवायला स्वतः दारात यायचे, कारण तानाबाई हो म्हणाली की बाकीच्या बाया आपोआप यायच्या.

लहानपणी आईच्या मागे मागे वावरात जाऊन मीही ते पिक्चर ऐकले. त्यातला एक माझा फार लाडका होता. होडीवाल्याला खोट्या खुनात जन्मठेप होते, घरी बायको आणि रांगती पोरगी. मग ती बाई स्वतः वल्ही हातात घेते, नदीवर माणसं नेते-आणते, वकील लावते आणि नवं लुगडं नेसून तुरुंगाच्या दारात नवऱ्याला घ्यायला उभी राहते. वर्ध्याला होस्टेलात मी हा पिक्चर पोरांना रंगवून सांगितला. त्यातल्या एकाने तो पाहिलेला निघाला. "अबे, ती बाई तर मरते!" म्हणत तो हसून हसून खाटेवर लोळला. वर्षभर पोरं मला 'वकीलसाहेब' म्हणत होती. तेव्हा तानाबाईचा जो राग आला तो मी वीस वर्षं सांभाळला. माणूस काय काय सांभाळत बसतो!

आता मी सेवाग्रामच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतो. मागच्या वर्षी महिला दिनाच्या आधी बचत गटाच्या अध्यक्ष अनुसयाबाईंनी मला गळ घातली, "रत्नदीप, बायांसाठी सिनेमाचे सवाल काढून दे बाबू. जुने, नवे, सगळे." मी फोनवरून पंधरा प्रश्न काढले. चौदा सरळ होते. पंधरावा कोणासाठी काढतोय हे मला पक्कं ठाऊक होतं.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्या दिवशी बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. तानाबाई पहिल्या रांगेत. कोणत्या पिक्चरात विहिरीवर भांडण होतं, जुळ्या बहिणींचं लग्न कुठे मोडतं, प्रश्न पुरता व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. नव्या पिक्चरांचे दोन तेवढे पोरींनी घेतले. मग मी विचारलं, "होडीवाल्याच्या बायकोचं शेवटी काय होतं?"

ती हात वर करायला थांबलीच नाही, सरळ उभी राहिली. "नवं लुगडं नेसून जेलाच्या दारात जाते. हिरवं लुगडं." बायांनी टाळ्या वाजवल्या.

"चूक," मी माइकवर म्हणालो. "ती मरते, मावशी."

"काऊन मरंल?" तिच्यासोबत चाळीस वर्षं निंदण केलेली मनकर्णाबाई मागून ओरडली. "आमी इतके वर्स ऐकून राह्यलो, आमाले मालूम नाई का?"

मी फोन अनुसयाबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. बायको मरते, असंच लिहिलेलं होतं. मनकर्णाबाईचा आवाज उतरला. "मंग तो विहिरीवाला? अन् जुळ्या बहिनींचा?"

तिथे थांबायला हवं होतं मी. थांबलो नाही. फोन परत घेऊन एकेक पिक्चर शोधत गेलो आणि माइकवर सांगत गेलो. तोही शेवट चूक. हाही चूक.  आधी तरुण पोरी हसल्या, मग सगळ्याच हसल्या. "मायवं! फेकून राह्यलती का वं तू आमाले?" मनकर्णाबाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

 गुण सगळ्यात जास्त तानाबाईचेच होते, पण बक्षिसासाठी ती थांबली नाही. दाराशी चपलांच्या ढिगात स्वतःच्या चपला शोधत ती बराच वेळ वाकून उभी होती. आणि मला त्या घडीला जिंकल्यासारखं वाटलं. वाटलं ते वाटलं.

आठवडाभराने आईचा फोन आला. कापसाच्या शेवटच्या वेचणीला बाया गेल्या होत्या. कोणीतरी चेष्टेने म्हणालं, "सांग न वं तानाबाई एखादा फेकू पिक्चर." तेव्हापासून ती बायांपासून दूर, वेगळ्या ओळीने वेचते. वावरात कोणी बोलत नाही. "मोठा साहेब झाला तू," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी मी तानाबाईकडे गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. "मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. तिने बसायला पोतं सरकवलं.

"मी फेकत नोती बाबू," ती सुपाकडे बघत म्हणाली. "अल्लीपूरची शेवटची गाडी पाचाची राहे. इंटरवल झाला का निघा लागे. एकबी पिक्चर पुरा नाई पाह्यला मी. अन् बाया तर पुसत, मंग काय झालं? आता त्याइले अर्ध्यावर कसं सोडू? मंग मीच जुळवो."

मी खाली सांडलेले तुरीचे दाणे वेचू लागलो. मग तिनेच विचारलं, "बरं, सांग आता. कशानं मरते ती?"

फोनवर तेवढं लिहिलेलं नव्हतं.

"दुखनं होतं का तिले? का कोनी मारलं?" तिचं पाखडणं थांबलं होतं. "अन् पोरगी? रांगत होती थे. माय मेल्यावर कोन पोसलं तिले?"

मला माहीत नव्हतं. तो पिक्चर मी कधी पाहिलाच नव्हता. होस्टेलात हसू झालं तेव्हा नाही, आणि प्रश्न काढला तेव्हाही नाही. मला फक्त एका ओळीचं उत्तर माहीत होतं. तेवढ्या जोरावर मी तिला भर सभेत खोटं पाडलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, खरोखरच उत्तराची वाट बघत होती. 

"मोबाइलवर आहे मावशी, पूर्ण आहे," मी घाईघाईने फोन काढला. "आता लावून देतो. शेवटपर्यंत पाहा."

तिने पुन्हा सूप उचललं.

"राहू दे बाबू," ती म्हणाली. "आता पाहून कोनाले सांगू?"