नकारघंटेची समुद्रगाय

मामा गिऱ्हाइकांना पाण्यात पाहायचे. तोच त्यांचा धंदा होता आणि तोच स्वभाव.

सकाळी आठला बोट धक्क्यावरून सुटायची. तासाभरात पहिल्या बेटाच्या आडोशाला नांगर पडला, की बारा पाहुणे पायांत रबरी पंख चढवायचे आणि ते चढवून बोटीभर हिंडायला निघायचे. "पंख घातले की बसायचं, चालायचं नाही," हे मामा रोज सांगायचे. पालथ्या घड्यावर पाणी. रोज कुणीतरी बदकासारखं फताड फताड करत जायचं आणि कुणाच्या तरी मांडीवर आदळायचं. मग मास्कची तऱ्हा. केस काचेत अडकलेले, मिशी आड आलेली, पट्टा कानाखाली घसरलेला, आणि तक्रार काय, तर मास्क गळतोय. "मास्क नाही गळत," मामा मिशीकडे बघत म्हणायचे. पुढचं बोलायची गरज नसायची, बघण्यातच सगळं आलेलं असायचं.

"प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड नाही, जिवंत आहे."

"मग आम्ही उभं कुठे राहायचं?"

"समुद्रात उभं राहत नसतात."

पोहता न येणाऱ्याला ते कधी हसले नाहीत. त्याला रबरी चाक धरायला लावून स्वतः ओढत न्यायचे. त्यांचा राग होता तो डोळे असून न बघणाऱ्यांवर. एकदा एक गृहस्थ पाण्यात उतरले, पाच मिनिटांत शिडीवर आले आणि म्हणाले, "झालं बघून." त्यांच्या खाली त्याच वेळी एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता. पाण्यात डोकं घातलं की तो कुरकुर आवाज स्वच्छ ऐकू येतो. मामांना तो तीस वर्षं ऐकून पुरला नव्हता, आणि या गृहस्थांचं झालं होतं बघून. जेवणाच्या डब्यात काय आहे याची चौकशी मात्र त्यांनी दोनदा केली.

धक्क्यावर मामांना नकारघंटा म्हणत. बाकीचे वाटाडे पाहुण्यांना रिकाम्या हातानं परत पाठवत नसत. शेजारच्या बोटीवरचा डॉल्फिनदादा तर लाटेची पांढरी कड दिसली तरी बोट थांबवायचा. "ती बघा, ती गेली," म्हणायचा, आणि बोट एका अंगाला कलेपर्यंत माणसं धावायची. 'गेली' या एका शब्दावर त्यानं दुमजली घर बांधलं होतं. मामा दिसलं तर दिसलं म्हणायचे, नाही तर नाही. "आज कासव नाही." संपलं. त्यात कदाचित नाही, थोडं थांबून बघू नाही. पाहुणे हिरमुसायचे, काहीजण परत जाऊन वाईटसाईट लिहायचे. पण मामांनी हात वर करून "कासव" म्हटलं, की आजूबाजूच्या चार बोटींची तोंडं त्या दिशेला वळायची. डॉल्फिनदादाचीसुद्धा. मामा त्याला माणसात धरत नसत, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. हा तर मामांच्या दृष्टीनं त्याचा आणखी एक दोष.

मामा हे काही सगळ्या जगाचे मामा नव्हते. बोट जावयाची होती, जावई सासऱ्याला मामा म्हणायचा, म्हणून पाहुणेही म्हणू लागले. त्याआधी चोवीस वर्षं त्यांनी बंदरात बुडी मारून जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडले. मामी गेल्यावर लेकीनं आग्रह करून आणलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची खाट होती. भिंतीवर खिळ्यांना चाळीस मास्क टांगलेले, दोरीवर ओले पोशाख निथळत असायचे, खाली पिंप. खोलीला कायम ओल्या रबराचा वास. सासरा जावयाच्या दारी राहतो म्हणजे काय, हे त्या खाटेवर झोपल्याशिवाय कळत नाही. जावई वाईट वागत नव्हता. तो फक्त समुद्राच्या धंद्यात होता आणि पाण्याला भीत होता. घोट्याच्या वर पाणी आलं, की दोरी धरायचा. बोटीवर उभं राहून "डावीकडे बघा, तिकडे मासे जास्त आहेत," असं पाण्यातल्या मामांना ओरडून सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर बसलेला असतो, हा उंटालाही घाबरला असता, असं मामांचं मत. लेकीसाठी ते मत त्यांनी पोटात ठेवलं होतं.

पोटात ठेवलेली आणखी एक गोष्ट होती. चार महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी ते वल्ह्याची होडी घेऊन एकटेच चौथ्या बेटामागे गेले होते. तिथली खाडी उथळ, जेमतेम पुरुषभर पाणी, तळाशी समुद्रगवताचं कुरण. त्या कुरणात त्यांना वाकड्यातिकड्या पट्ट्या दिसल्या, वीतभर रुंद, कुणी बोटानं गवत उपटत नेल्यासारख्या. खाली पांढरी वाळू उघडी पडलेली. मामा वल्ही आत घेऊन गप्प बसून राहिले. थोड्या वेळानं पाण्यावर दोन नाकपुड्या आल्या, फुस्स झालं आणि पुन्हा बुडाल्या. समुद्रगाय. म्हशीएवढं धूड आणि चेहरा जन्मभर सर्दी झालेल्या आत्याबाईंसारखा. तिच्या कुशीला चिकटून एक पिलू. मामांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही, लेकीलाही नाही. त्या उथळ पाण्यात रोज दहा बोटी शिरल्या असत्या, तर ती पिलाला घेऊन निघून तरी गेली असती, नाहीतर बोटीच्या पात्याखाली तरी आली असती. एवढ्या जड अंगाला लगबग जमत नाही. आणि दाखवायची कुणाला? ज्यांचं पाच मिनिटांत बघून होतं, त्यांना?

पण समुद्रावर गुपित टिकत नाही. कुठल्याशा मच्छीमारानं बेटांमागे नाकपुड्या पाहिल्याचं जावयाच्या कानावर आलं. संध्याकाळी मामा पिंपात मास्क विसळत होते, तेव्हा तो एक चौकोनी खोकं घेऊन आला.

"मामा, समुद्रगाय आलीय म्हणे बेटांकडे. तुम्हाला माहीत असणार."

"आपल्या फेरीत कधी दिसली नाही," मामा म्हणाले. हे खरं होतं. शब्द त्यांनी तोलून वापरले होते.

"वाटलंच मला, तुम्ही नाहीच म्हणणार. म्हणून ही सोय केली." त्यानं खोकं उघडलं. आत ड्रोन होता. "मित्राचा आहे. परवा सकाळी उडवतो. दोन तासांत सगळ्या खाड्या वरून दिसतील. एकदा जागा कळली, की रोज दोन फेऱ्या. बाकीचे बसतील हात चोळत."

"आणि आधीच सापडली तर?" मामांनी विचारलं.

"मग कशाला उडवू? तुमच्या तोंडून 'दिसली' आलं, की मला ड्रोन नको आणि काही नको. उद्याची फेरी आहेच तुमच्या हातात."

लेक दारात उभी होती. "अहो, बाबा काय मुद्दाम लपवतात का?" ती नवऱ्याला म्हणाली. "नसेल दिसली, म्हणून नाही म्हणाले. बाबा कधी खोटं बोललेत?"

मामांनी तोच मास्क तिसऱ्यांदा विसळला.

आजवर मामांच्या 'नाही'नं पुष्कळ गोष्टी सांभाळल्या होत्या. आता त्या 'नाही'चा काही उपयोग उरला नव्हता. उद्या ते नाही म्हणाले, तर परवा ड्रोन चौथ्या बेटावर जाणार. ती दुसरीकडे कुठेतरी आहे, असं त्यांनीच म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या बेटाच्या पाठीशी तीन पुरुष खोल पाण्याखाली एक लांबट काळा दगड आहे. त्यावर शेवाळ केसांसारखं वाढलंय. मामा पाहुण्यांना तिथे नेहमी भरतीला न्यायचे, पाणी काचेसारखं स्वच्छ असताना. ओहोटीला खाडीतला गाळ येतो, सगळं धुरकटतं, आणि त्या धुरकटात शेवाळ हललं की दगडाला अंग फुटल्यासारखं वाटतं. असल्या पाण्यात माणसं उतरवणाऱ्या वाटाड्यांना मामा आजवर नावं ठेवत आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओहोटी धरली.

बोटीवर त्या दिवशी एक भाऊसाहेब होते. यांना सगळं माहीत होतं. समुद्रगाय किती वर्षं जगते, काय खाते, कुठल्या देशात किती उरल्यात, हे ते धक्का सुटल्यापासून सांगत होते. हातात काठीला लावलेला कॅमेरा. सोबत त्यांची थोरली बहीण, साठीची, रफूचं काम करणारी. ही बाई मघाशी पहिल्या बेटाशी उतरली, तेव्हा तळाशी काकडीसारख्या पडून असलेल्या एका जिवावर, समुद्रकाकडीवर, वीस मिनिटं तरंगत राहिली होती. वर आल्यावर म्हणाली, "सरकते हो ती. बघत राहिलं की कळतं." मामांनी तिला न मागता पिण्याचं पाणी दिलं होतं. असं ते करत नसत.

दगडापाशी नांगर पडला. जावई दोरी धरून उभा होता. मामा आधी उतरले, बुडी मारून आले, आणि हात वर केला.

"आहे," ते म्हणाले. "लांब राहा. खाली जाऊ नका, घाबरेल."

बारा माणसं तोंडं खाली घालून तरंगू लागली. मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग भाऊसाहेबांनी श्वासाची नळी तोंडातून काढली. "दिसली! शेपटी हलवतेय." मग काय, सगळ्यांनाच दिसली. एकाला नाक दिसलं. एकीला पिलू दिसलं; पिलाचं नाव मामांनी काढलंही नव्हतं. कुणाला तर डोळा दिसला आणि त्या डोळ्यात माया होती. मामा पाण्यात पाय हलवत हे ऐकत होते. यांच्याबद्दल त्यांचं जे मत होतं, ते इतकं बरोबर निघेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

बोटीवर टॉवेल वाटले जात असताना रफूवाल्या बाई म्हणाल्या, "मला दगड वाटला."

"ताई, गढूळ पाणी आहे, तुला चष्मा नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"चष्मा सुईत दोरा ओवायला लागतो मला. लांबचं स्वच्छ दिसतं. आणि तुला लहानपणी ढगातही हत्ती दिसायचे."

"बाराच्या बारा जण खोटे का मग?"

"बारा कुठे, अकरा. आणि ती श्वास घ्यायला वर का नाही आली? तूच म्हणालास ना, दर चार-पाच मिनिटांनी येते. आपण पंधरा मिनिटं होतो." बाई मामांकडे वळल्या. "हे बघा, मी तुमच्या बोटीत बसले ती धक्क्यावर दहा जणांना विचारून. सगळे म्हणाले, तो माणूस नाही दिसलं तर नाही म्हणतो. तुम्ही सांगा. दगड होता की गाय?"

जावई ऐकत होता. दोरीवरचा हात त्यानं काढला होता.

मामांना बाईंच्या तोंडाकडे बघवेना. इतक्या वर्षांत नीट बघणारं एक माणूस या बोटीत चढलं होतं.

"गाय," ते म्हणाले. "कधीकधी जास्त वेळ राहते खाली."

बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच चुकलं असेल. वय झालं डोळ्यांचं." परतीच्या वाटेवर त्यांनी पाण्याकडे पाहिलंच नाही. मांडीवर हात ठेवून समोरच्या बाकाकडे बघत बसल्या. भाऊसाहेब त्यांना समुद्रगायीचे दात किती असतात ते सांगत होते.

ड्रोन संध्याकाळीच मित्राकडे परत गेला. लेक फोनवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागली, "हो, नक्की आहे. आमच्या बाबांनी स्वतः पाहिलीय." आठवड्याभरात दगडाभोवती पाच-पाच बोटी नांगर टाकू लागल्या, सगळ्या ओहोटीला. चौथ्या बेटाकडे कुणी ढुंकून बघेना. मामाही तिकडे गेले नाहीत. होडी काढली, की धक्क्यावरून कुणीतरी "मामा, कुठे निघालात?" विचारायचं. त्यांनी होडी उपडी करून दुकानामागे ठेवली. पिलू केवढं झालं असेल, याचा ते फक्त अंदाज बांधत. कधी वीतभराच्या पट्टीशेजारी एक लहान पट्टी उमटली असेल, असं वाटायचं.

एका सकाळी दगडापाशी डॉल्फिनदादाची बोट अगदी खेटून उभी राहिली. अडकलेले नांगर सोडवायला त्यानं त्या दगडावर वीसदा तरी बुडी मारली असेल. तो कठड्यावर वाकून हळूच म्हणाला, "मामा, तुमच्या गायीला शेवाळ फार आलंय."

"मग सांग सगळ्यांना."

"वेडे आहात का? मी सांगून कोण ऐकतंय? तुम्ही गाय म्हणालात, आता ती गाय. मी म्हणालो असतो, तर या जागी कुत्रं थांबलं नसतं." तो मनापासून हसला. "का केलंत, ते नाही विचारणार. पण माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायचात ना, ते आता सोडा."

मामांनी तोंड सरळ केलं. पाण्यातून त्यांच्याच बोटीवरचा एक पाहुणा ओरडत होता, मास्क कपाळावर, केस काचेत, "मामा, हलली का हो शेपटी आत्ता?"

"हलली," मामा म्हणाले, आणि त्याचा पट्टा नीट करायला पाण्यात उतरले.