उजव्या दिव्याचं दुखणं

१९१३ साली मी चोवीस वर्षांचा होतो, आणि त्या साली राजवाड्यापासून चामुंडीच्या पायथ्यापर्यंत सबंध म्हैसुरात आमच्या मामांइतकी चुकीची माहिती इतक्या ठामपणे सांगणारा दुसरा माणूस नव्हता. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. माझा नंबर दुसरा लागला असता असं बायको म्हणायची. मी ते मानत नाही. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण कोडगूतल्या एका कॉफीच्या मळेवाल्याकडे मोटार शिकलो आणि म्हैसुरात रेशमाच्या एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. धनी आपल्यातलेच, घरात मराठी बोलणारे. त्यांच्याकडे आधी बग्गी होती, आणि बग्गीचे दिवे चाळीस वर्षं मामांनी सांभाळले होते. मोटार आली तसे घोडे गेले, बग्गी गेली, बग्गीवाला आपल्या भावाकडे राहायला गेला. मामांचं काय करायचं ते कुणाला सुचेना. शेवटी मामांनाच सुचलं. ते धन्यांना म्हणाले, "मोटारीला दिवे आहेत ना? मग मी पण आहे."

आताच्या पोरांना बटण दाबलं की उजेड मिळतो, म्हणून सांगायला हवं. तेव्हा मोटारीचे पुढचे दिवे गॅसवर चालायचे. पायदानावर पितळेचा एक डबा असायचा, त्यात खाली कार्बाइडचे खडे आणि वर पाणी. चावी सैल केली की पाणी थेंब थेंब खड्यांवर पडायचं, गॅस व्हायचा आणि रबरी नळीतून दोन्ही दिव्यांत जायचा. दिव्याच्या पोटात पांढऱ्या दगडाची दोन बारकी शिंगं, शिंगांच्या टोकांना सुईच्या टोकाएवढी भोकं. तिथे काडी धरली की दोन ज्योती एकमेकींना भिडायच्या आणि फुललेल्या जास्वंदीएवढा पांढरा उजेड पडायचा. वास मात्र लसणीचा. मामा हे सगळं एका दमात सांगत, "खडा पाणी पितो, ढेकर देतो, ढेकर पेटतो. संपलं!" पुढे मी पुष्कळ इंजिनियर पाहिले. ह्याहून बरं कुणाला सांगता आलं नाही.

मामांचा दिव्यांवरचा इलाज म्हणजे वैद्याचा इलाज. दिवा कुरकुरला की आधी ते नळीची नाडी बघायचे. तीन बोटं नळीवर ठेवायची, डोळे मिटायचे, आणि बराच वेळ गेला की म्हणायचे, "वात धरलाय." एकदा डावा दिवा फडफडत होता, तर त्यांनी डब्यात साध्या पाण्याऐवजी सुंठीचं पाणी ओतलं. दिवा लागला, हे मला कबूल केलं पाहिजे. तो साध्या पाण्यानंही लागला असता असं मी म्हणालो, तर मला उत्तर मिळालं, "जावईबापू, तुम्ही चाक फिरवा. तुमचं शिक्षण तेवढंच आहे." जावईबापू हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, बैल हाकतायत. दिवा विझला हा शब्द त्यांना चालत नसे. दिवा शांत झाला म्हणायचं. धनी एकदा चिडून म्हणाले, "मेला तो दिवा!" मामा हातातलं फडकं तिथेच ठेवून विहिरीच्या काठावर जाऊन बसले. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच मागवलं, आणि दोनदा वाढून घेतलं.

दिव्यांची परीक्षा ते भर बारा वाजता करत. धन्यांच्या आवारात मोटारीसमोर उकिडवं बसायचं, स्वतःच्या डोक्यावरून दिव्यापर्यंत एक घोंगडी ओढून घ्यायची, आणि आतल्या अंधारात काडी ओढायची. बाहेरून फक्त मामांचं धोतर दिसायचं आणि आतून आवाज यायचा, "छान! छान!" एका दुपारी छानच्या ऐवजी "अय्यो!" ऐकू आलं. घोंगडी फेकून मामा बाहेर आले तेव्हा त्यांची डावी मिशी नव्हती. त्यांनी कुणाकडे न बघता न्हाव्याला बोलावलं, उजवीही काढून टाकली, आणि सगळ्यांना सांगितलं की नंजनगूडच्या देवाचा जुना नवस होता. आमच्या आचाऱ्यानं विचारलं, "मग अर्धी घरीच कशी फेडली?" महिनाभर त्या आचाऱ्याच्या सांबाराला मामांनी मीठ कमी आहे म्हणून नावं ठेवली. आणि हा मोटारीच्या दिव्यांचा एवढा मोठा धन्वंतरी, मोटारीत कधी बसला नाही. "आत बसून काय करू? दिवे पुढे असतात," म्हणायचे.

त्या वर्षी खंडेनवमी झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून उजवा दिवा आजारी पडला. संध्याकाळी काडी लावली की मिणमिण करायचा आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत शांत व्हायचा. डावा बरा, उजवा आडवा. मामांनी नाडी बघितली. नळी बदलली. खडे बदलले. डबा चिंचेनं घासून इतका लख्ख केला की धनी त्यात बघून पागोटं सारखं करायचे. सुंठ झाली, ओवा झाला. शेवटी लिंबू उतरून टाकलं. मी म्हणालो, शिंगांची भोकं एकदा साफ करून बघू. मामा माझ्यावर केवढ्यानं ओरडले! "देवाच्या नाकात कुणी काडी घालतं का? हात लावायचा नाही. दहा हात लागले की दिवा रुसतो." आणि दिव्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हतेच ते.

पंधरा दिवस एका डोळ्याची मोटार चालवली मी. आता जिथे सरस्वतीपुरमची घरं आहेत तिथे तेव्हा नाचणीची शेतं होती. एका संध्याकाळी तिथे माझ्या उजवीकडच्या अंधारात एक बैलगाडी होती, ती मला दिसली तेव्हा बैलाचं तोंड माझ्या मांडीवर होतं. धनी मागे बसले होते. घरी येऊन त्यांनी मामांना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "मामा, शनिवारी मला हूटगळ्ळीला जाऊन यायचंय. जाता-येता दोन्ही दिवे लागते राहिले तर ठीक. नाहीतर सोमवारी बेंगळूरचा फिटर येईल आणि विजेचे दिवे बसवील. मग तुम्ही घरी बसा. वय झालंय." मामांचं घर म्हणजे तबेल्यामागची एक खोली. बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. सकाळी उठून त्या माणसानं जायचं कुठे, तर दिव्यांकडे. ते काढून घेतलं तर उरलेल्या वर्षांत त्यांनी नुसतं जेवायचं.

शनिवारी दुपारी मामा जेवायला गेले आणि मी संधी साधली. शेजारच्या वीणेच्या मास्तरांकडून एक तुटकी तार मागून आणली, उजव्या दिव्याची काच उघडली, शिंगं काढली आणि भोकात तार घातली. तार लाल होऊन बाहेर आली. कुंकू! तेलात कालवलेलं, भाजून घट्ट बसलेलं कुंकू. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना मामांनी दिव्यांचीही केली होती, आणि ती दगडाची शिंगं बघून त्यांना बैल आठवला असणार. बैलाची शिंगं रंगवतात तशी त्यांनी ह्यांची टोकं रंगवली. बरं वाटलं म्हणून मग रोज सकाळी. उजवं शुभ, म्हणून सुरुवात उजव्या दिव्यापासून. भरलं बोट सगळं उजव्यालाच पुसलं जायचं, डाव्याच्या वाटेला नुसती बोटाची सावली. गंमत म्हणजे ते लाल टोक आम्हा सगळ्यांना रोज दिसत होतं. धन्यांना, मला, आचाऱ्याला. पण आपल्या घरात कुंकवाकडे कोण बघतं? ते असतंच.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. भोकं साफ करून शिंगं परत बसवली असती तर काम झालं असतं. पण पंधरा दिवस चाक फिरवा, चाक फिरवा ऐकलं होतं. मामा आचवून येत होते, धनी पायरीवर होते. मी तार उंच धरली आणि ओरडलो, "सापडला रोग! मामांनीच दिव्याच्या नाकात कुंकू भरलंय!" धनी इतके हसले की त्यांना मोटारीचा आधार घ्यावा लागला. आचारी तर खालीच बसला. म्हणाला, "वैद्यानंच विष घातलं!" मामांनी जवळ येऊन तार बघितली, मग स्वतःचं बोट बघितलं. "असं होय," एवढंच म्हणाले. काखेतली फडक्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. "घ्या, ड्रायव्हरसाहेब. आता तुम्हीच बघा." त्या ड्रायव्हरसाहेबात टोमणा असेल म्हणून मी वाट बघितली. नव्हता.

संध्याकाळी हूटगळ्ळीला जाऊन आलो. दोन्ही दिवे असे लागले की रस्त्यावरचा एकेक खडा मोजावा. धन्यांनी फिटरला नको म्हणून कळवलं, आणि मामांना निरोप दिला की तुम्ही आहात तसे राहा, कुंकू फक्त काचेला लावा. मामांनी निरोप्याला सांगितलं की दिवे आता जाणत्या माणसाच्या हातात आहेत, माझं काम नाही. घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. "गेले होते मी मामांकडे," ती म्हणाली. "सुम्ने, उगीच बसलेत भिंतीकडे बघत. जेवत नाहीत. म्हणतात, चाळीस वर्षं असेच किती दिवे मी मारले असतील, कुणास ठाऊक." मामांच्या तोंडून तो शब्द आला होता. मला ताटातलं गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडायच्या आधी मोटारीकडे गेलो. उजव्या दिव्याची नळी काढली, तिच्यात कापसाची एक गोळी खोलवर सारली, पुन्हा बसवली आणि काडी लावून बघितली, पेटत नव्हता. मग फडक्यांची पिशवी घेऊन तबेल्यामागे गेलो आणि मामांचं दार वाजवलं. आचारी विहिरीवर पाणी ओढत होता, धनी अंगणात दात घासत होते. त्या दोघांना स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणालो, "मामा, उजवा परत शांत झाला. सगळं करून बघितलं, मला जमत नाही. तुम्ही येऊन नाडी बघा."