क्रीकचा उगम

टेक्सासमधल्या अर्विंगला आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक क्रीक होती. क्रीक म्हणजे साधा ओढा, पण मी फोनवर आईला नदीच सांगायची. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून ती दिसायचीही तशीच. दोन्ही काठांना झाडी, मधे चकाकणारं पाणी, एखादा पांढरा बगळा. "पाणी कसं आहे गं?" आई विचारायची. "एकदम स्वच्छ! अमेरिका आहे ही," मी ठोकून द्यायची. खाली उतरून बघायला वेळ होता कुणाला!

दोन हजार पाच साली आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॅगेतून आईचा कुंकवाचा करंडा काढला. आत कुंकू नव्हतं. चिमूटभर रक्षा होती.

"तिकडे नदीत अस्थी सोडताना नाकाला रुमाल लावून उभा होतो मी," ते म्हणाले. "एवढा संसार केला तिच्याबरोबर, आणि शेवटी नाक धरलं. फार लाज वाटली. म्हणून एवढी मागे ठेवली. तुझ्या नदीचं पाणी स्वच्छ आहे, असं सगळ्यांना सांगायची ती."

मी ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि दोघं खाली उतरलो.

शी! आधी वासच आला. पाण्यावर तेलकट तवंग, त्यात थर्माकोलचे पेले, काठावर बदकांच्या विष्ठेचा चिखल. दुकानातली एक ट्रॉली उलटी पडली होती आणि तिच्या जाळीत लहान मुलांचे वापरलेले डायपर फुगून अडकले होते. वरून दिसणारा तो बगळा त्यांच्यावरच बसला होता मेला.

"इथे नको," बाबा म्हणाले. "वर जाऊ. उगमापाशी पाणी निर्मळ असतं."

आपल्या माणसांच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असतं. नदी म्हटली की उगम, उगमाला कुंड, कुंडापाशी महादेव. मी इंजिनियर बाई, पण मलाही ते तेव्हा पटलं. टेक्सासच्या त्या रणरणत्या उन्हात आम्ही काठाकाठाने निघालो.

रस्त्याच्या पुलाखाली कार वॉशचा फेस साचला होता. पुढे दुकानांची मागची बाजू लागली. आपल्याच देसी रेस्टॉरंटच्या मागून तळणाचं काळं तेल उतारावरून थेट पाण्यात उतरत होतं. दर रविवारी मी तिथे बुफे चापायची.

आणि तिथेच, झुडपाला अडकलेली, गच्च गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. आत कुजलेली फुलं, बुरशी आलेला नारळ, देवाची फुटकी तसबीर. निर्माल्य! अगं बायांनो, घरात हात धुतल्याशिवाय देव्हाऱ्याला शिवत नाही तुम्ही, आणि इथे हे? वर पिशवीला गाठ, म्हणजे तुमच्या गाडीला डाग नको! मी तोंडाने शिव्या हासडत होते. बाबांनी करंडा शर्टाच्या खिशात सरकवला आणि वरून हात धरला.

झाडी संपली तसा पाण्याचा आवाज आला. बाबांचा चेहरा उजळला. मी घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज त्यांनी सवयीने काढून ठेवले आणि अनवाणी पुढे झाले.

समोर सिमेंटचा पाईप होता, लोखंडी जाळीचा. वर एका मोठ्या दुकानाचं पार्किंग. तिथल्या हिरवळीला मारलेलं पाणी गाड्यांखालचं तेल धूत जाळीतून खाली पडत होतं. जाळीत एक मेलेला उंदीर.

"हाच का गं?"

"हाच, बाबा."

ते मागे फिरले. मग खाली बसून त्यांनी बूट घातले. नाड्या काही त्यांना बांधता येईनात. मी बांधून दिल्या.

घरी आल्यावर त्यांनी करंडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. महिनाभर तो तिथेच होता. परत जायच्या दिवशी मी तो त्यांच्या बॅगेत घालायला उचलला, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "इथूनच बघू दे तिला. खाली नको नेऊस."