धक्क्यावर जायचं राहून गेलं

शनिवारी शाळा सुटून मैदान रिकामं झालं, की मोहितेताई पदर खोचून उभ्या राहत आणि तीस पावलांवर ठेवलेल्या बादलीवर नेम धरून मासेमारीची काठी फिरवत. दोरीला गळ नसे, नुसतं शिसं बांधलेलं. शिसं बादलीत पडलं की चौकीदार ओरडे, "मॅडमजी, गई!" ताई मान हलवत. "इथे हवा कुठे आहे, भिया? धक्क्यावर वारा असतो."

इंदूरच्या एकाच शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. घरी मासे खाणारे सगळे, पण पकडणाऱ्या एकट्या ताई. रविवारी यशवंतसागर तलावाच्या काठी छत्री रोवून बसत. आजूबाजूचे पुरुष टकामका बघत. ताई ढुंकून पाहत नसत.

"तीस साल झाले, पोरांना भरती-ओहोटी शिकवते," एकदा त्या मला म्हणाल्या, "आणि समुद्र एकदापण नाही पाहिला. शोभतं का गं हे? रिटायर झाले की कोकणात जाणार. धक्क्यावर बसून गळ टाकणार. तू चल."

ताईंचे यजमान गेलेले, मुलगा परदेशी. मी लगेच हो म्हटलं.

मग ताईंची तयारी सुरू झाली. खाऱ्या पाण्यात गंजणार नाहीत असे गळ त्यांनी मागवले. रत्नागिरीकडच्या एका बंदरावरच्या चहावाल्याचा नंबर कुठून तरी मिळवला, आणि दर रविवारी त्याला फोन लावू लागल्या. "भाऊ, आज काय लागलं? शेंगाळा? कोळंबी लावली होती का?" त्याची कोकणी यांना अर्धी कळे, यांची इंदुरी त्याला. तरी दोघं अर्धा अर्धा तास बोलत. पंचांगात त्या अष्टमीवर खुणा करत. "अमावस-पुनवेला पाण्याला जोर फार, शिसं टिकत नाही. आपण नवे लोक. अष्टमीच्या आसपास जाऊ. जल्दी काय आहे?"

ताई रिटायर झाल्या. पहिल्यांदा तिकिटं काढली, तर माझ्या मुलीची बोर्डाची परीक्षा आली. ताईंनीच तिकिटं रद्द केली. "पहिले परीक्षा. मासे कुठे पळून चाललेत?"

दुसऱ्या वेळी मी खोटं बोलले. सासूबाई आजारी आहेत, म्हटलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी फोन केला आणि बाजारात निघून गेले. परत आले तर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मोहितेताई येऊन गेल्या. माझ्यासाठी मऊ खिचडी आणली होती. मला कशाला गं खिचडी?"

दोन दिवस मी त्यांना फोन केला नाही. मग त्यांचाच आला. "सासूबाई ठणठणीत दिसल्या. बरं वाटलं." बस, एवढंच. त्यानंतर कोकणचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि माफी मागायचं मी आज-उद्यावर ढकलत राहिले. असं वर्ष गेलं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. मुलगा येऊन देखभालीला बाई ठेवून गेला. एका दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसले होते, आणि न राहवून म्हणाले, "ताई, तेव्हा मी खोटं बोलले होते."

"माहीत आहे. पण का गं?" शब्द जड येत होते.

"लाज वाटली. चारचौघांत, पुरुषांच्या घोळक्यात गळ टाकून बसायचं... कुणी ओळखीचं भेटलं तर काय म्हणेल, असं वाटलं."

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"इतकंच ना?" त्या म्हणाल्या. "सांगायचं होतंस. मी एकटी गेले असते. मला वाटलं, तू मन तयार करते आहेस. म्हणून थांबले."

फाल्गुनात ताई गेल्या. त्यांच्या फोनमध्ये त्या चहावाल्याचा नंबर होता. तो मीच लावला. बातमी ऐकून तो म्हणाला, "वर्षभर मी त्यांना सांगत होतो, या, मी आहे इथे. त्या म्हणायच्या, माझी मैत्रीण निघाली की निघते."